ढोलीमागचा सागाचा तुकडा

सिंदेवाही,
फेब्रुवारी १९८८

प्रिय बाबा,

आपली करवत परत द्यायला निघाले आहेत. जंगलखात्याच्या कचेरीतून कागद आला, तुमच्याच नावानं. तुम्ही सात महिन्यांपूर्वी गेलात हे त्यांना कोण सांगणार? प्रकरण केव्हाच बंद झालं, जप्त केलेली सागाची एक फळी आणि एक हातकरवत पडून आहे, अर्ज करून घेऊन जा, नाहीतर लिलावात काढू, असा मजकूर. सोबत छापील अर्ज. वारसाचं नाव, नातं, पत्ता, आणि मग एक रकाना, 'जप्तीचे कारण'. त्याच्यापुढे दोन बोटं जागा.

त्या दोन बोटं जागेनं दोन दिवस माझा जीव खाल्लाय. बाकी सगळं भरून झालं, तेवढंच कोरं आहे. उद्या सकाळच्या एसटीनं जायचं आहे. जायच्या आधी तुमच्याशी बोलले नाही तर माझा हात खोटं लिहील, म्हणून हे पत्र.

आई म्हणते, "जे तुह्या बाबानं सांगतलं होतं तेच लिही अन् सही कर. गेलेल्या माणसाले कोण विचारते? तुही नोकरी पक्की व्हाची आहे अजून. नसतं काई काढू नोको."

आईचं चुकतं असं मला म्हणवत नाही. शाळेत दोन वर्षं मी हंगामी आहे. कायम होण्याची फाइल वर गेली आहे, मोठे सर रोज म्हणतात, आज येईल, उद्या येईल. अशा वेळी मी सरकारी कागदावर लिहून द्यायचं की सरकारी शिक्का माझ्या हातून कापला गेला, आणि चार वर्षं मी तोंड शिवून बसले? आपल्या घरातले तुम्ही पहिले सरकारी माणूस, मी दुसरी. तुमच्या नावाला डाग लागला तो लागला. आता माझ्याही नावाला लावून घ्यायचा?

तुम्हाला आठवतं, ती एक करवत घ्यायला आपण हमीदभाऊंकडे तीन चकरा मारल्या होत्या?

मी तेव्हा ब्रह्मपुरीला कॉलेजात होते आणि हमीदभाऊ तिथले जुने सुतार. स्वतःच्या कामासोबत अवजारंही विकायचे. तुम्ही कारकून माणूस, पण कचेरी सुटली की कुणाच्या तरी रंध्याचा आवाज ऐकत उभे राहायचे. घरच्या सपरीत, पुढच्या त्या पडवीत, आपलं छोटंसं सुतारकाम मांडायचं हे तुमचं किती दिवसांचं वेड! पहिलं काम काय करायचं तेही ठरलं होतं. माझं अभ्यासाचं टेबल.

हमीदभाऊंनी सहा करवती काढून समोर ठेवल्या. तुम्ही एकेक उचलायचे, एक डोळा मिटून दातांच्या ओळीवरून बघायचे. मग पातं वाकवायचे, टोक पार मुठीपर्यंत आणायचे आणि सोडून द्यायचे. पुन्हा सरळ झालं तर ठीक, जरा बाक राहिला की बाजूला. नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचे. मला हसू यायचं. माझ्या लग्नाला मुलगा बघताना तरी इतकं बघाल का, असं मी म्हटलंसुद्धा. तुम्ही म्हणालात, "पोराले बोलता येते, माय. करवतीले नाई."

लाकूड उभं चिरायची करवत वेगळी आणि आडवं कापायची वेगळी, हे मला तिथं कळलं. एकीचे दात पटाशीसारखे सपाट धारेचे, दुसरीचे सुरीच्या टोकासारखे. आपल्याला आधी आडवं कापायची हवी होती. शेवटी दोन उरल्या. एकीची मूठ मोठी, एकीची लहान. तुम्ही लहान मुठीची माझ्या हातात दिलीत.

"धरून पाय. तीन बोटं आत. पयलं बोट बाहीर, कापाच्या दिशेनं."

मी धरली. तुम्ही माझ्या मनगटाकडे बघितलंत आणि म्हणालात, "हेच द्या."

हमीदभाऊ म्हणाले, "बाबूजी, हे मूठ तुमच्या हाताले छोटी पडन. चार उंगल्या जातच नाईत अंदर."

"पडू द्या," तुम्ही म्हणालात.

मला वाटलं, गंमत म्हणून माझ्या हातात दिली असेल. बाबा, मी किती ढ होते?

मग खतकस घेतला. फळीच्या कडेला धरून समांतर रेघ ओढायचं साधं अवजार. एक लाकडी दांडी, टोकाला खिळ्याचं अणकुचीदार टोक, आणि दांडीवर मागेपुढे सरकणारा ठोकळा. मला पितळी पट्टीचा हवा होता, स्क्रूवाला, चकचकीत. तुम्ही त्याचा स्क्रू घट्ट आवळलात आणि ठोकळ्यावर अंगठा दाबलात. तो केसभर हलला. "आज केसभर, उद्या बोटभर," म्हणून तुम्ही तो परत ठेवलात आणि हमीदभाऊंनी स्वतः बीज्याच्या लाकडाचा केलेला उचललात. त्याला स्क्रूऐवजी पाचर होती. ठोकली की हलायचं नाव नाही. दिसायला मात्र अगदीच ओबडधोबड. त्याचं टोक एका अंगाला जरा वाकडं होतं, त्यामुळे रेघेला चिकटून आणखी एक बारीक रेघ उमटायची. हमीदभाऊ ते घासून सरळ करून देणार होते.

"राहू द्या तसंच," तुम्ही म्हणालात. "आपली रेघ कुठीबी ओळखू येईन."

परत येताना एसटीत तुम्ही मला नियम सांगितलात. एका मापाला एक खतकस. माप लावून पाचर ठोकली की ते काम पूर्ण होईपर्यंत ती ढिली करायची नाही. ढिली केली आणि पुन्हा लावली तर ते माप तेच राहत नाही, आपण स्वतःला कितीही पटवलं तरी.

फळी पुढच्या आठवड्यात आली. सरकारी डेपोतून, वाहतुकीच्या पासासकट. फळीच्या एका तोंडावर हातोड्याचा शिक्का होता आणि पासावर त्याचाच नंबर. आपल्याकडे हे लहान पोराला ठाऊक असतं, नाही का? शिक्का आहे तोवर लाकूड आपलं. शिक्का गेला की ते चोरीचं. म्हणून आपले सुतार काम नेहमी दुसऱ्या तोंडापासून सुरू करतात. शिक्क्याचं तोंड शेवटी, आणि जमलं तर ते खाटेच्या, टेबलाच्या पोटात कुठंतरी तसंच राखून ठेवतात. तुम्हीही सांगितलं होतं. मी 'हो' म्हटलं होतं. ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तुम्ही फळीच्या कडेनं खतकसाची लांब रेघ ओढलीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाचर ठोकलेला खतकस शर्टाच्या खिशात घातलात आणि तसेच कचेरीला गेलात. आई बाजाराला गेली. सपरीत मी, फळी आणि नवी करवत.

मला फक्त बघायचं होतं ती कशी चालते. तोंड सरळ नसेल तर आधी सरळ करून घ्यायचं, एवढं तुमचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. फळीचं एक तोंड भिंतीला टेकलेलं, दुसरं बाहेर. बाहेरच्या तोंडाला चिरा होत्या आणि लाल रंगाचे डाग. मी वरून काटकोनाचा गुण्या लावला, पेन्सिलीनं आडवी रेघ मारली आणि कापत गेले. खरं सांगू? मला फार आनंद झाला होता. करवत कुठं अडली नाही, कुठं पळाली नाही. सागाचा तो कडवट वास, ओढणीभर भुसा. चार बोटं जाडीचा तुकडा खाली पडला, उलटा झाला, आणि त्याच्यावर शिक्का होता.

मी तो उचलला आणि ढोलीमागे लपवला. शेणामातीनं लिपलेल्या धान साठवायच्या ढोलीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, जिथं हात कोपरापर्यंत जातो. वाटलं, संध्याकाळी बाबांना सांगू, ते रागावतील आणि काहीतरी करतील. तुमच्या आधी जंगलखात्याचा गार्ड आला असता तर मी त्यालाही सांगितलं असतं, असं मी मनाशी अजून म्हणते. पण तुम्ही सायकल भिंतीला लावत होतात आणि तो मागोमागच आला. बाबूजीच्या सपरीत सागवान उतरलं, एवढं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

तो वाईट माणूस नव्हता. जयभीम घातला, पाणी प्यायला, पास बघितला, मान हलवली. मग फळीचं एक तोंड बघितलं. फळी फिरवून दुसरं बघितलं. ताजं, पांढरट, नुकतं कापलेलं.

"बाबूजी, शिक्का कुठी आहे?"

तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मी तुमच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट बघितलं. तुम्ही फळीकडे बघितलंत, मग करवतीकडे, मग माझ्याकडे. माझ्या ओढणीवर भुसा होता. मी तोंड उघडलं होतं, बाबा. शपथ घेऊन सांगते, उघडलं होतं. तुम्ही माझ्या आधी बोललात.

"मीच कापलं सकाळी. ध्यानातच नाई राह्यलं. तुकडा चुलीत गेला."

"काऊन पण? शिक्क्याचं तोंड कोणी पयले कापते का? तुमच्यासारख्या मानसाले तरी समजाले पाह्यजे होतं."

"चुकलं माह्यं."

त्यानं पंचनामा लिहिला. तुम्ही त्याखाली सही केलीत. फळी गेली, करवत गेली. खतकस तुमच्या खिशात राहिला म्हणून वाचला. मी चौकटीला धरून उभी होते, आणि ढोलीमागचा तुकडा माझ्यापासून सात-आठ पावलांवर होता.

त्या सहीनंतर मला बोलताच येईना. तुकडा काढून दाखवला तर फळी डेपोची हे सिद्ध झालं असतं, पण मग तुम्ही खोटा जबाब दिला हेही सिद्ध झालं असतं. सरकारी नोकरानं, सही करून! मी किती रात्री हा हिशेब मांडला, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच यायचं, गप्प बस. आज मला वाटतं, त्यात तुमची काळजी निम्मी होती. उरलेली निम्मी निव्वळ भीती होती, माझी.

सहा महिने चौकशी चालली. तुमच्या बढतीचा कागद मागे पडला तो पडलाच. तुमच्या कागदांत 'सरकारी शिक्का नष्ट केला' असं लिहून आलं. कचेरीत लोक हसत विचारायचे, काय बाबूजी, सागवान काय म्हणते? तुम्हीही हसायचे. घरी आल्यावर पाय धुऊन सपरीत बसायचे आणि रिकाम्या जागेकडे बघायचे. तुम्ही दुसरी करवत घेतली नाही. हमीदभाऊंनी दोनदा निरोप पाठवला, एक चांगली आली आहे म्हणून. तुम्ही गेला नाहीत.

आणि ती एसटी. चौकशीच्या शेवटच्या तारखेहून आपण परत येत होतो. मला कॉलेजातून तुम्ही सोबत घेतलं होतं. बस अर्धी रिकामी होती. तुम्ही समोर बघत, अगदी सहज विचारलंत, "करवत चालते कशी, माय? हाताले जड जाते का?"

मी म्हटलं, "मले काय मालूम? मी कुठी चालवली?"

तुम्ही खिडकीकडे बघितलंत. मग म्हणालात, "खिडकी लाव. धूळ येते."

बाबा, मी खिडकी लावली. गार्डासमोर मी गप्प बसले, ते तरी तुम्ही बोललात म्हणून. बसमध्ये तर तुम्ही मला वाट करून दिली होती आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. त्या दिवशीच्या भुशाची मला लाज वाटते, पण या उत्तराची वाटते तितकी नाही.

माझाही एक राग आहे. तुम्ही एवढं सहज का विचारलंत? दोन थोबाडीत का नाही दिल्यात? मी ओरडले असते, रडले असते, पण बोलले असते. तुम्ही मला इतकी मोकळीक दिलीत की मी तिच्यातूनही पळून गेले. मग तापाचं निमित्त झालं, तुम्ही चार दिवसांत गेलात, आणि तुमच्या पुण्यानुमोदनाला आलेला एक जुना माणूस आईला म्हणाला, "बाबूजी सरळ मानूस होते, तेवढं एक लाकडाचं सोडलं तर." मी पाहुण्यांना पाणी देत होते. हातातला तांब्या मी खाली ठेवला नाही.

आज सकाळी तो तुकडा काढला. चार वर्षांत मी ढोलीमागे हात घातला नव्हता. मनात म्हटलं, वाळवी लागली असेल, शिक्का फुटून गेला असेल, तर बरंच झालं. आई म्हणते तसं लिहून टाकीन.

तुकडा जसाच्या तसा होता. मी तो उघडाच कोंबला होता, मला पक्कं आठवतं. आता तो तुमच्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला होता. फडकं सोडलं तर हाताला तेल लागलं. जवसाचं. दोन्ही तोंडांना नीट चोळलेलं, चिरांमध्ये मुरवलेलं, एकदा नव्हे, थरावर थर. शिक्क्याचा एकेक आकडा वाचता येत होता.

मी आईला हाक मारली. तिनं बघितलं आणि खालीच बसली.

"म्हनून म्हनत होता का तुहा बाबा," ती म्हणाली. "दर साली मी ढोली लिपाले घेतली का म्हने, मांगची बाजू तुही नोको लिपू, मी लिपतो. मले वाटे, माह्यी कंबर दुखते म्हनून म्हनते."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. केव्हापासून, ते आता कोण सांगेल? बसमध्ये विचारलंत तेव्हा ठाऊक होतं का? तुम्हाला तो तुकडा जाळून मोकळं होता आलं असतं. तुमचा जबाब तसा खरा झाला असता. तुम्ही उलट दर वर्षी त्याला तेल लावत राहिलात. आपला शिक्का टिकवत राहिलात, मला बोलायचं झालं तर माझ्या हातात काहीतरी असावं म्हणून.

मग तुमची पेटी उघडली. खतकस तळाशी होता. पाचर तशीच ठोकलेली. तुकड्याच्या कडेला ठोकळा लावला आणि टोक टेकवलं, तर ते तुमच्या रेघेत बसलं, जोडीच्या बारीक रेघेसकट. चार वर्षांत तुम्ही माप हलवलं नव्हतं. काम संपलं नव्हतं ना.

आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "डब्यात भाकर देऊ का पोळी?" एवढंच. उद्याचा डबा.

म्हणून आता त्या दोन बोटं जागेत मी लिहिलं आहे, अक्षर बारीक करून: 'फळीचे शिक्क्याचे तोंड मी, सुजाता, हिने अजाणता कापले. वडिलांनी माझ्यासाठी दोष स्वतःवर घेतला. शिक्का नष्ट झालेला नाही. सोबत आणला आहे.' शाई वाळली आहे. तुकडा पिशवीत आहे, खतकसही. त्यांच्या आवारात फळी पडली असेल तिथं मी तुकडा तिला लावून दाखवीन. तुमची रेघ इकडून तिकडे जाते की नाही, त्यांनीच बघावं. पुढं काय होईल ते मला माहीत नाही. शाळेतली फाइल परत खाली येईल कदाचित.  पण जाईन.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. जड नव्हती, बाबा. मूठ माझ्या हाताला बरोबर बसली होती. तीन बोटं आत, पहिलं बाहेर. मीच चालवली होती, आणि फार छान चालली.

टेबल मी करणार आहे. करवत मिळाली तर तिनं, नाही मिळाली तर हमीदभाऊंकडे जाऊन तीन चकरा मारीन आणि तुम्ही बघायचे तसंच बघून दुसरी निवडीन. शिक्क्याचा तुकडा टेबलाच्या पोटात बसवीन. आणि ते पूर्ण होऊन त्यावर माझी वही येईपर्यंत पाचर ढिली करणार नाही, हा माझा शब्द.

तुमची,
सुजाता